खुर्च्या मांडणाऱ्यांच्या वतीने: डिमेन्शिया आधारगट भरवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
डिमेन्शिया असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आधारगट भरवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, कार्यकारिणी सदस्य आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांत, देणगीदारांच्या यादीखाली, एक ओळ दरवर्षी न चुकता छापून येते: ‘आमच्या निःस्वार्थ स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार.’ ती ओळ ज्यांच्याबद्दल असते त्यांच्यातली मी एक. सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती, विचार आणि वागणं हळूहळू बिघडवणारा मेंदूचा आजार, सुरू झाला तेव्हा गटात येऊन बसायला लागले आणि त्या गेल्यानंतर गट चालवायला लागले. आता त्यालाही बरीच वर्षं झाली. पत्र लिहिणारी मी एकटी असले तरी यातल्या बऱ्याचशा गोष्टी वेगवेगळ्या गटांचे समन्वयक एकमेकांना फोनवर सांगत असतात, आणि फोन ठेवताना ‘हे कुणीतरी वर सांगायला हवं’ असं म्हणतात. म्हणून सांगते आहे.

म्हणणं एवढंच आहे की गट चालवणं हे शिकावं लागणारं आणि जोखमीचं काम आहे. ते आमच्यावर सोपवलंत याला हरकत नाही, उलट त्यात आम्हाला आनंदच आहे. पण सोपवून तुम्ही मोकळे झालात, हरकत आहे ती त्याला.

तुमच्यातल्या अनेकांनी गट पूर्ण वेळ बसून पाहिलेला नाही. उद्घाटनाचा दिवस मी धरत नाही. म्हणून आधी तिथे काय चालतं ते सांगते. एक गृहस्थ गटात बोलत होते. बायको रोज संध्याकाळी बॅग भरते आणि ‘मला घरी सोडा’ म्हणते. ते तिला घराची कागदपत्रं काढून दाखवतात, हे तुझंच घर आहे म्हणून समजावतात, मग भांडण होतं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चौघांनी सल्ले दिले. वाद घालू नका, हो म्हणा, थोडं फिरवून आणा, तिचं लक्ष दुसरीकडे वळवा. चारही सल्ले बरोबर होते. पण ते गृहस्थ मान हलवत हलवत गप्प झाले. ‘हे सगळं मला माहीत आहे’ असा चेहरा झाला त्यांचा. त्या दिवशी गट चालवणाऱ्या बाईंनी हातानेच सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, “त्या बॅगेत काय भरतात?” त्यांना आठवावं लागलं. मग म्हणाले, “माझे शर्ट. तिचं स्वतःचं काहीच नसतं त्यात.” त्यानंतर ते कितीतरी वेळ बायकोबद्दल बोलत राहिले, तिच्या वागण्याबद्दल नाही.

हा प्रश्न विचारता येणं, चौघांना न दुखावता थांबवता येणं आणि नंतरची शांतता घाईघाईने भरून न काढणं, या तिन्ही गोष्टी शिकाव्या लागतात. त्या बाई उपजत मायाळू होत्या म्हणून हे जमलं असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या दुसऱ्या एका ठिकाणी गटकार्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या हे सांगते. आपल्याकडे ते मिळालं नव्हतं. आपल्याकडे मेंदूच्या रचनेवर स्लाइड्ससह व्याख्यान झालं होतं. हिप्पोकॅम्पस कुठे असतो हे आम्हाला आता झोपेतही सांगता येईल.

घरी डिमेन्शियाचं माणूस सांभाळलं की गट सांभाळता येतो, असं गृहीत धरून आमची निवड होते. पोहता येणारा प्रत्येक जण जीवरक्षक होऊ शकत नाही. अनुभव लागतोच, त्याच्याशिवाय खोलीतली माणसं तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण अनुभव आडवाही येतो. मी एका माणसाचा आजार पाहिला आहे. तो अल्झायमर या प्रकारचा डिमेन्शिया होता, सत्तरीनंतरचा, हळूहळू वाढत गेलेला. गटात मात्र ल्युई बॉडी डिमेन्शिया असलेल्याची मुलगी येते, जिचे वडील सकाळी व्यवस्थित बोलतात आणि दुपारी भिंतीवर माणसं पाहतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया झालेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाची बायको येते. तिच्या नवऱ्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, बिघडलं आहे ते वागणं. तो चारचौघांत वाटेल ते बोलतो, पैसे उधळतो, आणि घरात शाळेत जाणारी मुलं आहेत. तिला ‘जुन्या फोटोंचा अल्बम दाखवा’ हा माझ्या अनुभवातला सल्ला दिला तर ती पुढच्या वेळी येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आधारगटांचा उपयोग होतो का, हा प्रश्न कार्यकारिणीत अधूनमधून निघतो असं ऐकते. त्यावर अभ्यास झालेले आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ४०६ जणांना घेऊन दीर्घकाळ अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना समुपदेशन आणि आधारगटाची मदत मिळाली त्यांच्या जोडीदाराला नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायमच्या निवासी केंद्रात, ठेवण्याची वेळ ५५७ दिवसांनी, म्हणजे सुमारे दीड वर्षाने, पुढे गेली. हा आकडा तुमच्यापैकी काहींनी भाषणात वापरलेला मी ऐकला आहे. पण त्या मदतीत काय काय होतं? आधी काळजी घेणाऱ्याशी एकट्याने दोनदा आणि कुटुंबासह चारदा समुपदेशन. मग दर आठवड्याचा आधारगट. आणि पुढची सगळी वर्षं, अडचण आली की फोन करता येईल असा समुपदेशक. दीड वर्ष लांबलं ते या सगळ्या बांधणीमुळे. आपण त्यातला गट तेवढा उचलला, तोही महिन्यातून एकदा, आणि बाकीचं सोडून दिलं. मग आकडा तरी का उचलायचा?

लंडनमध्ये जिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटाने उभा केलेला ‘स्टार्ट’ हा दुसरा कार्यक्रम मला आपल्याला जास्त लागू वाटतो. तो एकेका काळजीवाहकासाठी आहे, गटासाठी नाही, हे खरं. पण त्यातली आठ सत्रं घेणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर होते; रुग्णांवर उपचार करण्याचं प्रशिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांना हातात पुस्तिका दिली, सराव करून घेतला आणि एका चिकित्सक मानसशास्त्रज्ञाने त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली. काळजी घेणाऱ्यांचं नैराश्य आणि चिंता त्यातून कमी झाल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षांतही तो फायदा टिकल्याचं दिसलं. तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडून हे काम होऊ शकतं, याचा आमच्या बाजूचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मात्र त्यांच्या पाठीशी कुणीतरी होतं.

आता दाराजवळच्या दहा मिनिटांबद्दल.

गट संपतो, लोक उठतात, खुर्च्या भिंतीला लागायला लागतात. आणि तासाभरात एक शब्द न बोललेलं कुणीतरी चप्पल घालता घालता थांबतं. अर्धं अंग दाराबाहेर असतं. तेव्हा जे सांगितलं जातं ते वर्तुळात बसून कुणी सांगत नाही. “काल मी आईवर हात उचलला.” “रात्री तिला खोलीत कोंडून मी गच्चीत जाऊन बसतो.” “दोघांनी मिळून गोळ्या घ्याव्यात असं मनात येतं हल्ली.” कुठल्याही समन्वयकाला विचारा, असं एक तरी वाक्य त्याच्याजवळ असतं.

त्या क्षणी आम्ही काय करायचं असतं? माणसाला पुन्हा बसवायचं, हे कळतं. घाबरून जायचं नाही, उपदेश करायचा नाही, हेही कळतं. पण त्याला आज रात्री एकटं घरी जाऊ द्यायचं की नाही? त्याच्या भावाला फोन करायचा का? गटात सांगितलेलं बाहेर जाणार नाही असं आम्ही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला म्हणतो, मग हे कुणाला सांगितलं तर तो शब्द मोडला का? आणि घरात ज्या आईवर हात उचलला गेला, ती तर या खोलीत नाही. तिच्या बाजूने कोण विचार करणार? या प्रश्नांची उत्तरं आहेत. जीवाला धोका असेल तर गुप्ततेचा शब्द तिथे संपतो आणि हे गटाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं असतं, हे समुपदेशन करणाऱ्यांच्या शिक्षणात अगदी प्राथमिक धरलं जातं. आम्हाला ते लेखी कुणीही दिलेलं नाही. ज्या संस्थेच्या नावाने गट चालतो तिचं कार्यालय त्या वेळी बंद झालेलं असतं. कार्यालयाचा म्हणून जो नंबर आम्हाला दिला आहे तो सुट्टीच्या दिवशी लागत नाही, आणि गट बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशीच भरतो.

मग समन्वयक ते वाक्य घेऊन घरी जातो. जोडीदाराला सांगता येत नाही, कारण शब्द दिलेला आहे. रात्री अकराला त्या माणसाला मेसेज करतो, ‘ठीक आहात ना?’ आणि उत्तर येईपर्यंत जागा राहतो. याला तुम्ही निःस्वार्थ सेवा म्हणता. मला ही संस्थेची हयगय वाटते, आणि सेवा या शब्दामुळे ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

औषधांचंही असंच आहे. गटात औषधांची चर्चा होणार नाही असा नियम करणं सोपं आहे, पण तो पाळला जात नाही. रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरचा माणूस सांगतोच, ‘आमच्या वडिलांना ही गोळी दिली आणि घर शांत झालं.’ ती गोळी बहुधा अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवर दिल्या जाणाऱ्या औषधांच्या, वर्गातली असते. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली त्यांच्यातल्या नव्या औषधांवर आणि २००८ साली जुन्यांवरही घातला. ल्युई बॉडी डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस एकाएकी ताठरून जाऊ शकतो, गुंगीत जाऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर ही औषधं कधी कधी विचारपूर्वक, कमी मात्रेत, थोड्या काळासाठी देतात. ते त्यांचं काम. पण ‘आमच्या वडिलांना’ आणि ‘तुमच्या वडिलांना’ यांत फरक आहे एवढं त्याच क्षणी ठामपणे म्हणायला समन्वयकाला तो फरक माहीत असावा लागतो.

याच्या उलटंही घडतं. कुणी सांगतं, बाबा गेल्या दोन दिवसांत अगदी वेगळे झाले, ओळखत नाहीत, बरळतात. गट सहानुभूतीने मान डोलावतो: पुढची पायरी आली. पण डिमेन्शिया दोन दिवसांत अशी उडी सहसा मारत नाही. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, कुठेतरी पडून लागलेला मार अशी कारणं पाठीमागे असतात आणि त्यांतली बरीच बरी होणारी असतात. ‘गट राहू दे, तुम्ही आत्ता उठा आणि डॉक्टरांकडे जा’ हे सांगणारा माणूस खोलीत हवा. हिप्पोकॅम्पसवरच्या व्याख्यानात ही स्लाइड नव्हती.

आमच्यावर काय परिणाम होतो, हे लिहावं की नाही याचा मी विचार केला, कारण त्यातून रडगाण्याचा सूर निघतो. पण लिहिते. काळजी घेण्याचा ताण शरीरात उतरतो, हे आता कुणी नाकारत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ साली डिमेन्शिया असलेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक छोटीशी, ठरावीक मापाची जखम करून ती भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. तितक्याच वयाच्या आणि साधारण तशाच परिस्थितीतल्या इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांची जखम सरासरी ९ दिवस उशिरा भरली. अभ्यास लहान आहे, पण मला तो विसरता येत नाही. गट चालवणाऱ्यांतले कितीतरी जण आजही घरी कुणाची तरी काळजी घेत आहेत. बाकीचे माझ्यासारखे, ज्यांचं माणूस गेलं. पहिल्यांना गटात आपला उद्याचा दिवस ऐकू येतो, दुसऱ्यांना आपला कालचा.

पॉलिन बॉस या संशोधिकेने ज्याला संदिग्ध वियोग म्हटलं, म्हणजे माणूस समोर बसलेलं असताना त्याला गमावत राहणं, त्याबद्दल आम्ही गटात इतरांशी पुष्कळ बोलतो. आमच्याशी त्यावर कोण बोलतं? एक समन्वयक आईच्या निधनानंतरच्या पुढच्याच बैठकीला हजर होती, कारण दुसरं कुणी नव्हतं आणि सूचना आधीच गेली होती. सगळ्यांनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. संस्थेच्या मासिक पत्रकात त्यावर दोन ओळी आल्या. त्या बैठकीला तिच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर ते कौतुक करायची वेळच आली नसती.

थोडं आमच्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. स्वयंसेवक म्हणजे संत असं समजून तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवायचं सोडता, आणि त्याचा फायदा आमच्यातले काही घेतात. गट हा आपला दरबार समजणारे समन्वयक मी पाहिले आहेत. प्रत्येकाच्या गोष्टीला ‘आमच्या यांचंही असंच होतं’ म्हणून स्वतःची गोष्ट जोडणारे आहेत. आई-वडिलांना निवासी केंद्रात ठेवण्याचा निर्णय घेतलेल्या माणसाकडे ‘आम्ही मात्र घरीच केलं’ अशा नजरेने पाहणारे आहेत. आणि त्या एका नजरेने तो माणूस गटातून कायमचा जातो, तेही नेमका त्याला सगळ्यांत जास्त गरज असताना. काही जण वर्षानुवर्षं जागा सोडत नाहीत, कारण स्वतःचं माणूस गेल्यानंतर आयुष्यात उरलेली एवढीच खोली असते. त्यांना दोष देववत नाही. पण हे त्यांना प्रेमाने सांगणारं कुणीतरी वर असायला हवं, आणि सन्मानाने बाजूला होण्याची वाट असायला हवी. आज बाजूला होण्याचे दोनच मार्ग आहेत: आजारी पडणं किंवा फोन उचलणं बंद करणं.

तुम्ही हजेरी मोजता, त्यावरही एकदा बोलू. प्रत्येक बैठकीनंतर आमच्याकडून आकडा मागितला जातो आणि तो कमी झाला की ‘प्रचार कमी पडतोय का?’ असा फोन येतो. डिमेन्शियाच्या गटात आकडा कमी असण्याची कारणं पाहा. कुणाला घरी सोबत मिळाली नाही. कुणाचं माणूस रात्रभर चाललं. कुणी गेलं. तीन जणांची बैठक कधी कधी वीस जणांच्या बैठकीपेक्षा कितीतरी खोल जाते, आणि वीस जणांच्या बैठकीत पाच जण बोलतात, बाकीचे ऐकून जातात. आकडा हवाच असेल तर हे विचारा: पहिल्यांदा आलेल्यांतले किती जण दुसऱ्यांदा आले? आणि न येणाऱ्यांना कुणी फोन केला का? लोकांना यायला जमावं म्हणून रुग्णाजवळ तेवढा वेळ बसणारं माणूस देता येईल का, हा त्याहून चांगला प्रश्न आहे.

आणि कृपा करून गटात परस्पर पाहुणे पाठवू नका. पलंग विकणारे, रुग्ण कुठे आहे ते दाखवणारी घड्याळं विकणारे, नव्या निवासी केंद्राची माहितीपत्रकं घेऊन येणारे, प्रश्नावली भरून घेणारे विद्यार्थी. विद्यार्थ्यांबद्दल मला ममत्व आहे, संशोधन व्हायला हवंच. पण रडून डोळे सुजलेल्या बाईच्या हातात बावीस प्रश्नांची झॅरिट मापनश्रेणी द्यायची आणि ओझं शून्य ते चार यांत मांडा म्हणायचं, हे आधी गटाला विचारून, वेगळ्या वेळी झालं पाहिजे. प्रायोजकाने हॉल दिला म्हणून त्याला पंधरा मिनिटं दिली जातात, तेव्हा ती पंधरा मिनिटं तुमची नसतात, गटाची असतात.

व्हॉट्सॲप गटाचं काय करायचं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. मध्यरात्री येणारा ‘कुणी जागं आहे का?’ हा मेसेज आणि त्याला उत्तर देणारं दुसरं जागं माणूस, हे त्याचं मोल. पण त्याच गटात दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या तेलाने विसराळूपणा जातो असा व्हिडिओ येतो, आणि तो काढायचा कुणी, काढल्यावर रुसलेल्याची समजूत घालायची कुणी? अर्थात समन्वयकानेच. चोवीस तास.

या संस्था जन्माला आल्या त्या कुटुंबांच्या गरजेतून. कॅनडात १९७८ साली, ब्रिटनमध्ये १९७९ साली, अमेरिकेत १९८० साली, घरात हा आजार पाहिलेली माणसं आणि काही डॉक्टर एकत्र आले. अमेरिकेतली संघटना उभी करण्यात पुढाकार घेणारे जेरोम स्टोन यांची पत्नी या आजाराने ग्रस्त होती. १९८४ साली अशा देशोदेशींच्या संस्थांचा महासंघ झाला. म्हणजे काळजी घेणाऱ्यांनी काळजी घेणाऱ्यांना भेटायचं, हे काम सगळ्यांच्या आधीचं आहे. कार्यालय, पदाधिकारी, बोधचिन्ह हे नंतर आलं. १९९७ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये बेरे मीसन यांनी अल्झायमर कॅफे सुरू केला, तेव्हाही मोकळ्या वातावरणाइतकाच भर होता तो ठरावीक आराखड्यावर: आधी माहिती किंवा मुलाखत, मग विश्रांती, मग चर्चा. मीसन स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. नक्कल करणाऱ्यांनी वातावरण घेतलं, आराखडा ठेवून दिला. आपल्याकडेही त्याचा एक प्रयोग झाला आणि तिसऱ्या महिन्यात तो वाढदिवसाच्या समारंभासारखा व्हायला लागला, हे तुमच्या लक्षात असेलच.

मागण्या सांगते. फार मोठ्या नाहीत.

कुठलाही गट एका माणसाने चालवू नये. दोघं हवेत. एक जण रडत बाहेर गेलेल्या माणसाच्या मागे जातो तेव्हा दुसऱ्याने खोली सांभाळायची असते. दोघांपैकी एकाने तरी गटकार्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, आणि नव्या माणसाने आधी काही बैठका नुसतं शेजारी बसून पाहावं. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला लगेच समन्वयक करू नये, त्याने कितीही आग्रह धरला तरी. महिन्यातून एकदा सगळ्या समन्वयकांना एखाद्या अनुभवी समुपदेशकासोबत बसता यावं: आमच्या गटाबद्दल आणि आमच्याबद्दल बोलायला, तुमच्या अहवालासाठी नव्हे. त्या बैठकीला संस्थेचा पदाधिकारी नसावा. एका पानावर लिहिलेल्या मर्यादा असाव्यात, की कुठल्या गोष्टी गटाबाहेर न्यायच्या, कुणाला, किती वेळात. आणि गट भरतो त्या दिवशी, संपल्यानंतरचे काही तास, फोन उचलणारं एक जबाबदार माणूस असावं. यातली ही शेवटची गोष्ट आधी करा. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

स्वयंसेवकांना मानधन द्यावं का, यावर आमच्यातच मतभेद आहेत. माझं मत नको असं आहे. पण जाण्यायेण्याचा खर्च आणि समन्वयक बैठकीला असताना त्याच्या घरच्या माणसाजवळ बसणाऱ्याचा खर्च संस्थेने उचलावा, याबद्दल दुमत नाही. खर्चाचा प्रश्न येईल हे माहीत आहे. स्मृतिचिन्हं आणि शाली बंद केल्या तर त्याला सुरुवात करता येईल. माझ्याकडे कपाटाचा एक कप्पा स्मृतिचिन्हांनी भरला आहे.

कुणी म्हणेल, एवढे नियम आणले तर स्वयंसेवक मिळणार नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. नवी माणसं येतात, दोन-तीन बैठका चालवतात, दाराजवळचं असलं एखादं वाक्य ऐकतात आणि गळतात. ती काम जड झालं म्हणून गळत नाहीत; जड झालं तेव्हा कुणाला विचारावं हे त्यांना कळलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात ५.५ कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे आणि दरवर्षी सुमारे १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. त्यांच्या भोवतीच्या माणसांसाठी लागणारे गट चालवायला पुढची किती माणसं लागतील, हा हिशोब तुम्हीच करा, आणि ती टिकवायची कशी हाही.

तुमच्या पुढच्या सभेत हा विषय कार्यसूचीवर यावा अशी विनंती आहे. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात नको. आमच्यापैकी दोघी तिघी येऊन प्रत्यक्ष बोलायला तयार आहोत. फक्त वेळ सकाळची ठेवा. आमच्यातल्या एकीची आई संध्याकाळ झाली की बेचैन होऊन दाराची कडी हलवत बसते, त्यामुळे ती दुपारनंतर घराबाहेर पडू शकत नाही. आणि फोन नेमका कुणाकडे असावा, यावर सगळ्यांत नेमकं बोलेल ती तीच.

आपली,
एका आधारगटाची समन्वयक